तास : एडवर्ड थॉमसच्या छावणीतल्या कविता

युद्धकवितेबद्दल आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. कवी आघाडीवर जातो, मरण जवळून पाहतो आणि मग लिहितो. पहिल्या महायुद्धातली इंग्रजी कविता आपल्यापर्यंत मुख्यतः विल्फ्रेड ओवेन आणि सिग्फ्रिड ससून यांच्यामार्फत आली, त्यामुळे ही समजूत अधिकच घट्ट झाली. त्यात मराठी समीक्षेत 'अनुभवाची अस्सलता' हे नाणे कित्येक दशके चलनात आहे. ज्याने भोगले त्याचेच लिहिणे खरे, असा त्याचा ढोबळ अर्थ.

या नाण्याने मोजायला गेले तर एडवर्ड थॉमस हा कवी कुठल्याच खात्यात बसत नाही. त्याच्या १४०हून अधिक कविता डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१७ या दोन वर्षांहून थोड्या अधिक काळात लिहिल्या गेल्या. फ्रान्सच्या भूमीवर त्याने पाय ठेवला तो जानेवारी १९१७च्या अखेरीस. तिथे तो दहा आठवडे जगला आणि ९ एप्रिल रोजी, आरासच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, मारला गेला. त्या दहा आठवड्यांत त्याने रोजनिशी लिहिली, पत्रे लिहिली. कविता एकही पुरी केली नाही. म्हणजे युद्धकवी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याची सगळी कविता युद्धभूमीवर पोचण्याआधीची आहे.

समीक्षकांनी या अडचणीतून दोन वाटा काढल्या. काहींनी त्याला निसर्गकवी ठरवले आणि लढाईत मरणे हा त्याच्या चरित्रातला अपघात मानला. काहींनी उलट टोक गाठले : मरण आधीच ठाऊक असल्यासारखे त्याच्या प्रत्येक पानगळीत त्यांना आरास दिसू लागले. दोन्ही वाटा एक मुक्काम चुकवून जातात. जुलै १९१५मध्ये थॉमस सैन्यात भरती झाला आणि जानेवारी १९१७मध्ये जहाजावर चढला. मधले अठरा महिने तो इंग्लंडमध्येच होता. कवायत, हजेरी, नकाशे, तोफांची गणिते आणि बिगुल यांत ते दिवस गेले. या लेखात मला मांडायचे आहे ते इतकेच, की परदेशी रवाना होण्याआधीचे प्रशिक्षण ही युद्धाची प्रस्तावना म्हणून सोडून देता येत नाही. तो युद्धाचाच पहिला भाग आहे आणि थॉमसइतका त्याचा बारकाईने वेध घेणारा दुसरा इंग्रजी कवी माझ्या वाचनात नाही.

डावे पान, उजवे पान

मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. त्यामुळे या कवीकडे जाताना मी एक साधे, कारकुनी काम केले. वहीच्या डाव्या पानावर थॉमसच्या लष्करी नेमणुका तारखांसह उतरवल्या आणि उजव्या पानावर त्याच्या कवितांच्या तारखा. थॉमस आपल्या हस्तलिखितांवर तारखा घालत असे, त्यामुळे हे शक्य झाले. दोन पाने शेजारी ठेवल्यावर जे दिसले, ते कुठल्याही संग्रहाची अनुक्रमणिका वाचून दिसले नसते.

आधी थोडी पार्श्वभूमी. थॉमसचा जन्म १८७८चा, लंडनमधला. आईवडील मूळचे वेल्सचे. लेखणीवर पोट भरणारा तो माणूस. परीक्षणे, प्रवासवर्णने, चरित्रे, प्रकाशक सांगेल ते पुस्तक सांगितलेल्या मुदतीत. पत्नी हेलन आणि तीन मुले. नैराश्याचा विकार जुना. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट इंग्लंडमध्ये असताना दोघांची दाट मैत्री झाली आणि तुझ्या गद्यातच कविता आहे हे फ्रॉस्टने त्याला पटवले. तेव्हा थॉमस छत्तीस वर्षांचा होता.

भरती झाला तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. सक्तीच्या भरतीचा कायदा जानेवारी १९१६मध्ये आला आणि तोही सुरुवातीला अविवाहितांपुरता. विवाहितांना तो मे महिन्यात लागू झाला. थॉमस गेला तो त्याच्या कितीतरी आधी, आपल्या पायांनी. 'आर्टिस्ट्स रायफल्स' ही त्याची पलटण. थोड्याच महिन्यांनी, नोव्हेंबर १९१५मध्ये, तो लंडनच्या पूर्वेला एसेक्समधल्या रॉमफर्डजवळच्या हेअर हॉल छावणीत आला. तिथे तो लान्स कॉर्पोरल झाला, पुढे कॉर्पोरल, आणि त्याच्याकडे काम आले रंगरुटांना नकाशावाचन शिकवण्याचे. त्याच हिवाळ्यात त्याच छावणीत विल्फ्रेड ओवेनही कवायत करत होता. ओवेनच्या ज्या कविता आपण वाचतो त्या आघाडीवरून आल्यानंतरच्या. एकाच मैदानावर घडलेल्या या दोन सैनिकांपैकी एकाची कविता युद्धानंतर सुरू होते आणि दुसऱ्याची युद्धाच्या दारात संपते.

'घर' म्हणजे काय

छावणीतला दिवस कसा असतो? जगभर साधारण सारखाच असतो. बिगुलावर उठायचे, बिछाना ठरल्या मापात घडी करायचा, बटणे आणि बूट चकचकीत करायचे, पायांना पट्ट्या गुंडाळायच्या, हजेरीला उभे राहायचे. (जाता जाता : इंग्रज शिपाई अंगावर 'खाकी' आणि पायांत 'पटी' घालून फ्रान्सला गेला. हे दोन्ही शब्द आणि दोन्ही वस्तू त्याने हिंदुस्थानातून उचलल्या होत्या.) मग कवायत, लांब पल्ल्याची चाल, खंदक खणणे, बरॅकीची झाडलोट, तपासणी. संध्याकाळी थोडी मोकळीक. रात्री पुन्हा बिगुल, आणि दिवे बंद.

या दिनक्रमाचे वैशिष्ट्य असे, की त्यात माणसाला काही ठरवावे लागत नाही. थॉमससारख्याला हा मोठाच दिलासा असणार. वर्षानुवर्षे मुदती, पैसे आणि स्वतःचे मन यांच्याशी झटापट केलेल्या माणसाला कुणीतरी 'आता उठ', 'आता चाल', 'आता झोप' सांगू लागले. त्याची प्रकृती सुधारली, चित्तही पूर्वीपेक्षा थाऱ्यावर आले. काही चरित्रकार इथेच थांबतात आणि सैन्याने थॉमसला बरे केले असा निष्कर्ष काढतात.

कविता मात्र इतक्यावर समाधान मानत नाही. मार्च १९१६मध्ये लिहिलेली 'होम' ही कविता पाहा. तीन शिपाई सुट्टीच्या वेळात बर्फातून फिरायला गेले आहेत. तिघांची गावे तीन वेगवेगळ्या परगण्यांतली, एकमेकांपासून दूर. हवा छान आहे, चालण्यात एक सोबत आहे. परतताना लांबून छावणी दिसते आणि तिघांतला एक सहज तिला 'घर' म्हणतो. बस, एवढेच घडते. तिघेही हसतात, कुणी काही बोलत नाही. पण कवी त्या एका शब्दाशी अडतो. हा शब्द नुसता तोंडाने उच्चारणे वेगळे आणि मनाने मान्य करणे वेगळे. तो खरोखर मान्य केला तर हे जिणे एक दिवसही सोसणार नाही, कारण हे बंदिवासाचे जिणे आहे. ते केव्हातरी संपले पाहिजे. नाही तर आपण कुणी दुसराच माणूस होऊन जाऊ, आणि अलीकडे अनेकदा तसे झालोच आहोत असे त्याला वाटते.

प्रशिक्षण माणसाचे काय करते हे याहून नेमके सांगितलेले मी वाचलेले नाही. बंदूक चालवायला शिकवणे हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग असा, की बरॅकीला घर म्हणण्याची सवय लागते, शेजारच्या खाटेवरचा अनोळखी माणूस भाऊबंद वाटू लागतो आणि ही सवय सुखाची असते. थॉमसने ते सुख नाकारले नाही. फिरण्याचा आनंद कवितेत खराखुरा आहे. पण त्या सुखाखाली आपले मूळ नाव पुसले जात आहे, हेही त्याने पाहिले. दिलासा आणि बंदिवास ही एकाच गोष्टीची नावे आहेत, हे या कवितेचे सांगणे आहे.

नकाशा शिकवणारा कवी

लेखक म्हणून थॉमसने दक्षिण इंग्लंड पायी पालथे घातले होते. त्याच्या प्रवासवर्णनांत गावे आहेत, वाटा आहेत, वेलीझुडपे आहेत. पण गद्याला फार पाल्हाळ आहे, असे त्याचे चाहतेही मान्य करतात. छावणीत त्याच माणसाला रंगरुटांच्या तुकड्या घेऊन एसेक्सच्या शेतांतून फिरावे लागले. हातात होकायंत्र, समोर नकाशा. टेकडीची उंची समोच्च रेषांवरून कशी ओळखायची, झाडी कुठे संपते, पायवाट गाडीरस्त्याला कुठे मिळते, हे त्यांना शिकवायचे. नकाशात विशेषणांना जागा नसते. जे आहे त्याचे नाव आणि त्याचे ठिकाण, एवढेच.

१९१६च्या वसंतात थॉमसने घरच्या माणसांसाठी चार कविता लिहिल्या : थोरल्या मुलीसाठी, मुलासाठी, धाकट्या मुलीसाठी आणि पत्नीसाठी. मुलांना वारसा म्हणून काय द्यावे, असा या कवितांचा विषय. थोरल्या मुलीला तो गावे, शेते देऊ करतो : चिल्डरडिच, पिर्गो अशी छोट्या जागांची नावेच नावे. इंग्रजी कानाला ही नावे बडबडगीतासारखी लागतात आणि समीक्षकांनी त्यांच्या नादाबद्दल लिहिले आहे. माझ्या वहीच्या डाव्या पानाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. ही नावे हेअर हॉलच्या आसपासची आहेत. मास्तर ज्या मुलखात रंगरुटांना फिरवत होता, त्याच मुलखातली गावे बाप मुलीला बक्षीस देत होता. ज्या नकाशावर उद्याच्या तोफांची दिशा शिकवायची, त्याच नकाशातून लेकीसाठी आंदण काढायचे, हे ज्याला सुचले त्याच्या मनात युद्ध आणि निसर्ग असे दोन वेगळे कप्पे नव्हते.

त्याच वर्षी जानेवारीत लिहिलेली 'रोड्स' ही कविताही इथेच ठेवावी लागेल. ती रस्त्यांवरच्या प्रेमाची कविता म्हणून सुरू होते. पण पुढे सगळ्या रस्त्यांचे तोंड फ्रान्सकडे वळते आणि त्यांवरून मेलेले हलक्या पावलांनी परत येताना दिसतात. नकाशावाचनाचा शिक्षक रस्त्याकडे आता फिरस्त्याच्या नजरेने पाहूच शकत नाही. त्याला ठाऊक आहे की नकाशावरचा रस्ता पलटणीसाठी असतो.

नांगराचे तास

मे १९१६च्या अखेरीस थॉमसने 'अ‍ॅज द टीम्स हेड-ब्रास' ही कविता लिहिली. माझ्या मते ती या साऱ्या काळाचा कळस आहे.

शेताच्या कडेला एक एल्म वृक्ष उन्मळून पडला आहे. त्यावर निवेदक बसला आहे. एक शेतकरी घोड्यांच्या जोडीने शेत नांगरतो आहे. सुरुवातीला एक प्रेमी युगुल शेजारच्या रानात शिरते. नांगर प्रत्येक फेरीला निवेदकापाशी येतो, नांगऱ्या मिनिटभर थांबतो, दोन शब्द बोलतो आणि वळून निघून जातो. पुन्हा यायला दहा मिनिटे लागतात. बोलणे हवेवरून युद्धावर येते. बाहेर जाऊन आलात का, असे नांगऱ्या विचारतो. तेव्हा आपल्या लक्षात येते की बसलेला माणूस शिपाई आहे. 'बाहेर' म्हणजे फ्रान्स. नाही, अजून नाही. परत यायची खात्री असती तर जायला हरकत नव्हती. एक हात गेला तरी चालेल, पाय मात्र जायला नको, असा हिशेब थट्टेच्या सुरात होतो. नांगऱ्याचा एक जोडीदार फ्रान्समध्ये पोचताच मारला गेला. ज्या रात्री गेला त्याच रात्री वादळात हे झाड पडले. तो असता तर दोघांनी मिळून झाड हलवले असते. मग मी इथे बसलो नसतो, शिपाई म्हणतो. शेवटी युगुल रानातून बाहेर येते, घोडे चालू लागतात आणि निवेदक अखेरचे म्हणून फाळाखाली ढेकळे फुटताना पाहत राहतो.

इंग्रजीतला 'व्हर्स' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ वळणे. शेताच्या टोकाला नांगर वळतो ते वळणे त्यात आले. या कवितेची वाक्ये ओळीच्या टोकाशी संपत नाहीत, वळून पुढच्या ओळीत उतरतात, याकडे इंग्रज समीक्षकांनी लक्ष वेधले आहे. मराठी वाचकाकडे यापुढचा एक शब्द आहे. फाळाने जमिनीत पडणाऱ्या रेघेला आपल्याकडे तास म्हणतात. ते तास नपुंसकलिंगी, घड्याळातला तास पुल्लिंगी. पण उच्चार एकच. या कवितेत दोन्ही तास एक झाले आहेत. नांगराच्या एका तासाने वेळ मोजली जाते : मिनिटभर बोलणे, दहा मिनिटे वाट पाहणे. छावणीत रवानगीची वाट पाहणाऱ्या शिपायाचा दिवस याच मापाने जातो. थोडे बोलणे, पुष्कळ थांबणे, आणि प्रत्येक फेरीला जमिनीचा न नांगरलेला तुकडा थोडा थोडा कमी होत जाणे.

इथे रक्त नाही, खंदक नाही, विषारी वायू नाही. तरी एका गावातून एक माणूस वजा झाला की झाड कुठे पडून राहते, कोण कुठे बसतो, शेत किती उशिरा नांगरले जाते, हा सगळा हिशेब कवितेने मांडला आहे. ओवेनची कविता सांगते की आघाडीवर माणसाचे काय होते. थॉमसची ही कविता सांगते की माणूस आघाडीवर जातो तेव्हा मागच्या जागेचे काय होते. ते पाहायला मागे असावे लागते आणि तरीही निघालेले असावे लागते. प्रशिक्षणातला शिपाईच तेवढा या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उभा असतो.

दिवे बंद

१९१६च्या उन्हाळ्यात थॉमसपुढे पर्याय होता. नकाशावाचनाचा अनुभवी शिक्षक म्हणून तो इंग्लंडमध्येच राहू शकला असता. त्याने तोफखान्यात अधिकारी होण्यासाठी अर्ज केला. अधिकाऱ्याचा पगार बरा आणि मागे राहणाऱ्यांची सोयही थोडी बरी, हे कारण त्यात होतेच. ट्रोब्रिज इथे पुढचे प्रशिक्षण झाले. भारी तोफांचे शास्त्र म्हणजे कोन, अंतरे आणि कोष्टके. नोव्हेंबरमध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला आणि डिसेंबरमध्ये त्याने परदेशी जाण्यासाठी स्वतःहून नाव दिले.

ट्रोब्रिजमध्येच त्याने 'लाइट्स आउट' लिहिली. रात्री बरॅकीतले दिवे मालवण्यासाठी जो बिगुल वाजतो, त्याचे हे नाव. तो बिगुल ऐकताना आपल्या मनात जे नेहमी येत आले ते या कवितेत आहे, असे त्याने आपली मैत्रीण एलेनर फार्जन हिला कळवले होते. कविता झोपेबद्दल आहे : एका अथांग रानाच्या सीमेशी आपण आलो आहोत, तिथे सगळ्यांच्याच वाटा हरवतात, प्रेम, निराशा, महत्त्वाकांक्षा सगळे तिथे संपते, आणि कुठलेही पुस्तक किंवा प्रिय चेहरा मागे टाकून आत शिरायला मन तयार आहे. 'झोप' म्हणजे मरण हे उघडच आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते शीर्षक. ते काढून टाकले तर ही एका उदास माणसाची कविता होईल. शीर्षकामुळे ती हुकमाची कविता होते. रोज रात्री ठरल्या वेळी, हजारोंना एकदम, झोपायची आज्ञा होते. आज्ञा पाळण्याची जी सवय महिनोन्महिने अंगात भिनवली गेली, ती अखेर कुठवर नेणार आहे, हे इथे स्पष्ट होते. सैनिकाने रोज केलेला हा मरणाचा सराव आहे.

त्याच्या आधीची, जानेवारीतली 'रेन' ही कविताही अशीच. बाहेर मध्यरात्रीचा पाऊस, आत बरॅकीत जागा असलेला एकटा माणूस. हा पाऊस थॉमसच्या १९१३च्या प्रवासवर्णनातही पडून गेला होता. त्या गद्यातला उदास फिरस्ता स्वतःपुरता होता. छावणीतल्या कवितेत त्याला दुसरे आठवतात : आपण ज्यांच्यावर कधी प्रेम केले त्यांपैकी कुणी आज असेच एकटे, असहाय पडलेले नसो. वैयक्तिक नैराश्याला इतरांच्या मरणाचे भान मिळाले ते या बरॅकीत.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येऊ शकतो : मग सैन्याने कवी घडवला म्हणायचे का? मुळीच नाही. थॉमस भरतीच्या सात महिने आधीपासून लिहीत होता. सर्वांना ठाऊक असलेली 'अ‍ॅडलस्ट्रॉप' ही कविता जानेवारी १९१५ची, म्हणजे भरतीपूर्वीचीच. छावणीने त्याला दिली ती एक मुदत. प्रकाशकांच्या मुदतींनी त्याचे गद्य बिघडवले. या मुदतीने त्याचे काव्य नेमके केले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तीन मुलांचा बाप सुरक्षित काम सोडून जातो, त्याला आपण सौंदर्याचा मुलामा देत नाही ना? फार्जनने त्याला कशासाठी लढतोस असे विचारले तेव्हा त्याने चिमूटभर माती उचलून दाखवली, ही हकिगत तिच्या आठवणींत आहे आणि ती इतकी उद्धृत झाली आहे की तिचे देशभक्तीच्या पोस्टरमध्ये रूपांतर झाले. पण याच माणसाने डिसेंबर १९१५मध्ये एक कविता लिहून वर्तमानपत्री देशभक्तीची आणि शत्रुद्वेषाची चीड व्यक्त केली होती. त्या मातीशेजारी हेलनच्या आठवणीही ठेवाव्यात. शेवटच्या रजेवर घरी आलेला नवरा तिला आपले होकायंत्र काढून दाखवतो, ते कसे चालते हे समजावून सांगू लागतो. तिला काही दिसत नाही. तिचे अश्रू त्यावर पडतात. तो न बोलता ते मिटून ठेवून देतो. ज्या यंत्रावर तो शेकडो रंगरुटांना दिशा शिकवत होता, ते घरातल्या एका माणसाला शिकवता आले नाही. थॉमसचा निर्णय बरोबर होता की चूक, हे समीक्षेने ठरवायचे नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे तिने झाकू नये.

पुणे डिव्हिजन

हे सारे मराठीत कशासाठी? थॉमस शेताच्या कडेला बसलेली ती कविता लिहीत होता, त्याच्या महिनाभर आधी, २९ एप्रिल १९१६ रोजी, मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे इंग्रजांच्या सहाव्या डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. तिचे नाव पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या शिपायांनीही छावणीत बिछान्याच्या घड्या घातल्या होत्या, बिगुलावर दिवे मालवले होते, मग समुद्र ओलांडला होता. फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरमुळे जपली गेली आणि इतिहासकारांच्या हाती लागली. पण ती मुख्यतः समुद्रापलीकडे पोचल्यानंतरच्या काळातली आहेत. रवानगीच्या आधीचे दिवस दप्तरात आहेत ते पलटणीच्या हालचाली म्हणून. ते माणसाच्या नजरेतून पाहायचे तर थॉमससारख्याचा हात धरावा लागतो. त्याचा नांगऱ्या आपल्या पुसेसावळीत किंवा औंधातही शेताच्या टोकाला थांबून तेच दोन शब्द बोलला असता.

थॉमसची शेवटची कविता १३ जानेवारी १९१७ची. तेव्हा तो केंटमधल्या लिड इथे होता, जिथे तोफा डागण्याचा सराव चाले आणि जिच्या नावावरून 'लिडाइट' या स्फोटकाचे नाव पडले. दोन आठवड्यांनी त्याची २४४ क्रमांकाची सीज बॅटरी साउदॅम्प्टनहून निघाली. त्यानंतरच्या रोजनिशीत पक्षी आहेत, हवा आहे, तोफांचे आवाज आहेत. कविता नाही. माझ्या वहीचे उजवे पान इथे कोरे होते. डाव्या पानावर अजून दहा आठवड्यांच्या नोंदी आहेत.